रॅप्टर लेक प्रोसेसरांतील अस्थिरता

रॅप्टर लेक अस्थिरता हा इंटेल कंपनीच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांत आढळलेला दोष होय. अनरिअल इंजिनवर आधारलेले गेम सुरू करताना ते अचानक बंद पडत. कधी संगणकच कोलमडे. पडद्यावर मात्र व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याची सूचना उमटे. ती दिशाभूल करणारी ठरली. निर्दोष ग्राफिक्स कार्डे बदलली गेली. वास्तविक मायक्रोकोडमधील चुकांमुळे, तसेच काही मदरबोर्डांवरील सैल वीजमर्यादांमुळे, प्रोसेसरला गरजेहून अधिक व्होल्टेज मिळे व त्यातील क्लॉक-मंडल कालांतराने झिजे. कंपनीने ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड दिले. बायोस अद्ययावत केल्यास ते लागू होतात. झालेली झीज त्यांनी भरून निघत नाही, प्रोसेसरच बदलावा लागतो. त्यासाठी हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवून ५ वर्षे करण्यात आली.