हलक्या गाडीचे विस्मृत गणित

सोलापूरहून धाराशिवकडे जाणारा रस्ता तुळजापूरजवळ बालाघाटाच्या डोंगररांगेवर चढतो. मोटारीच्या इंधनखर्चाचे गणित अशा चढावर उघडे पडते. चढण्यास लागणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. रस्त्यावर चाकांना होणारा रोधही वजनाबरोबर वाढतो. इंजिनातील सुधारणांचे मोल आहेच. तथापि इंधनबचतीचा पाया गाडीच्या आराखड्यात, तिच्या हलकेपणात असतो.

महाराष्ट्रात या हलकेपणाचा ध्यास किमान तीनदा घेतला गेला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला, दोन आसनी नमुना घडविला. १९७०च्या दशकापर्यंत तिची सुधारित रूपे निघाली. परंतु मोठ्या प्रमाणावर उत्पादन कधीच झाले नाही.

पुढे टाटा मोटर्सने पुण्यात ‘नॅनो’ विकसित केली व १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती सादर केली. वजन सुमारे ६०० किलो, मागे बसविलेले ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन आणि चाचणीत लिटरमागे २३.६ किलोमीटर! पण लोकांपुढे आली ती ‘सर्वांत स्वस्त गाडी’ म्हणून. ही ओळख चुकीची ठरल्याचे पुढे खुद्द रतन टाटांनीच मान्य केले. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

तिसरा प्रयत्न मराठवाड्यातला. बजाजने २०१२ मध्ये दाखविलेली आणि वाळूजला तयार होणारी चारचाकी पुढे ‘क्यूट’ झाली. वजन सुमारे ४०० किलो, लिटरमागे ३५ किलोमीटरचा दावा. मात्र ती मोटार की रिक्षा, या वादात तिची कित्येक वर्षे गेली.

तंत्रज्ञान कमी पडले नाही. हलकेपणाला प्रतिष्ठा मिळाली नाही. २०२३-२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक ‘युटिलिटी’ प्रकारची, म्हणजे बहुधा अधिक उंच व जड होती. इंजिनांनी वाचविलेल्या इंधनाचा काही भाग त्या वजनानेच गिळला. २०१७-१८ पासून लागू झालेल्या इंधनक्षमतेच्या नियमांतही कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन वाढले की मर्यादा सैल होते. म्हणजे हलकी गाडी बनविणाऱ्याच्या वाट्याला नियमही अधिक कडक येतो. इंधन वाचवू पाहणाऱ्या समाजाने वजनालाच अशी सवलत द्यावी काय?