तळटीप : ‘आगाखान’
पुण्याचा राजवाडा नव्हे. मुंबईची हॉकी स्पर्धा. गव्हाण-पनवेलकडच्या, कबड्डीवर वाढलेल्या वाचकासाठी हा खुलासा. तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी १८९६ साली ती सुरू केली. कलकत्त्याचा बेटन चषक तिच्याहून एका वर्षाने थोरला. त्याच १८९५च्या जानेवारीत वेल्समधल्या ऱ्हिल गावी वेल्स-आयर्लंड हा पहिला आंतरराष्ट्रीय हॉकी सामना झाला. आयर्लंडने तो ३-० ने जिंकला. म्हणजे विलायतेत देशादेशांत हॉकी सुरू होते न होते तोच आपल्याकडे चषक मांडले गेले होते. वेल्सला १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाले. आपण १९२८मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला उतरलो ते थेट सुवर्णपदकासाठीच. मूळ लेखात स्पर्धेचे वर्ष दिलेले नाही. — संपादक