हे आभाळ कुणाचं?

1855 साली लॉर्ड डलहौसीने ब्रह्मदेशाच्या राजदरबारी शिष्टमंडळ पाठवलं. मद्रास सैन्यातला कॅप्टन लिनियस ट्राइप त्यात छायाचित्रकार म्हणून गेला. परतल्यावर बंगळुरात मुक्काम ठोकून त्याने दौऱ्यातल्या 120 चित्रांचे सुमारे 50 संच तयार केले. म्हणजे जवळजवळ 6000 प्रिंट, एकेक उन्हात धरून छापलेला. आज त्याच्या मेणकागदी नेगेटिव्ह जवळून पाहिल्या तर आभाळाच्या जागी रंगाचे हात फिरलेले दिसतात. त्या चित्रांतले कित्येक ढग कॅमेऱ्याने टिपलेले नाहीत, ते ट्राइपने काढलेले आहेत.

त्याला तसं का करावं लागलं, ते कळलं की या विषयाचं दार उघडतं. त्या काळची रसायनं निळ्या-जांभळ्या प्रकाशाला चटकन आणि हिरव्याला फार सावकाश दाद देत. झाडी आणि दगडी भिंत नीट उमटेपर्यंत आभाळावर इतका प्रकाश पडून गेलेला असे की प्रिंटवर ते कोरं किंवा डागाळलेलं दिसे. नेगेटिव्हवर रंग दाट लावला की छापताना तिथे प्रकाश अडतो आणि ती जागा उजळ राहते. एवढ्या युक्तीवर या लष्करी अधिकाऱ्याने आभाळ उभं केलं. नेमणूक होती नोंदी करण्याची. ढग हवेत अशी सरकारची मागणी असण्याचं काही कारण दिसत नाही. ते त्याला हवे होते.

निसर्गछायाचित्रणाच्या अभ्यासात तुमचं स्वागत करताना मी ट्राइपला पुढे करतो, कारण या प्रकाराविषयीचा सर्वांत जुना गैरसमज त्याच्यापाशीच मिटतो. डोंगर होता, कॅमेरा होता, बटण दाबलं, यात माणसाचं काय, असं अनेकांना मनापासून वाटतं. व्यक्तिचित्रात निदान दोन माणसांचा संबंध असतो. डोंगर काही बोलत नाही. पण डोंगर बोलत नाही म्हणूनच चित्रातली प्रत्येक गोष्ट घेणाऱ्याच्या पदरात पडते: कुठे उभं राहायचं, किती वाजता, काय चौकटीबाहेर ठेवायचं आणि आभाळाचं काय करायचं.

आभाळाचा हा धागा धरून सगळा इतिहास वाचता येतो. ट्राइपच्याच काळात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका नेगेटिव्हवर आणि ढग दुसऱ्या नेगेटिव्हवर घेऊन दोन्ही एकाच प्रिंटवर जुळवत होता. 1922 पासून आल्फ्रेड स्टिग्लिट्झने नुसत्या ढगांचीच चित्रं घेतली आणि ती आपल्या अंतःस्थितीशी समतुल्य आहेत असं मानलं. 1927 मध्ये ॲन्सेल ॲडम्स अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात हाफ डोम या कड्यासमोर उभा होता. पिवळा फिल्टर लावून नेगेटिव्हची एक काच वापरून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की चित्र बरोबर येईल, पण कड्यासमोर आपल्याला जे वाटतंय ते त्यात येणार नाही. उरलेल्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. निळं आभाळ जवळजवळ काळं झालं आणि कडा अंगावर आला. डोळ्यांना तसं आभाळ त्या दिवशी कुणालाच दिसलं नसणार. तरी त्या चित्राला खोटं म्हणायला मी तयार नाही, आणि का तयार नाही हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

आपल्याकडे हौशी छायाचित्रकारांची परंपरा जुनी आहे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. पण ही परंपरा शतकभरानंतर खरी रुजली ती बंगळुरात. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी उभारणारे डॉ. जी. थॉमस इथले, टी. एन. ए. पेरुमाळ इथले, आणि 1971 पासूनची यूथ फोटोग्राफिक सोसायटीही इथलीच. प्रिंट डार्करूममध्ये स्वतः करायचा, सलॉनला, म्हणजे स्पर्धात्मक प्रदर्शनाला, पाठवायचा, परीक्षकांचं ऐकून घ्यायचं, पुन्हा करायचा, अशी ती शिस्त होती. तिने एकसाचीपणाही आणला; धुक्यातली बैलगाडी सलॉनच्या भिंतींवर गरजेपेक्षा जास्त वेळा आली. तरी हात आणि डोळा तयार करण्याचं काम तिने केलं, आणि ते काम आज कोण करतं हे मला खरोखर सांगता येणार नाही.

मराठी वाचकाने या मंडळींत एक नाव मुद्दाम लक्षात ठेवावं: एम. वाय. घोरपडे. संडूरच्या मराठा संस्थानिक घराण्यातले, 1972 ते 1977 कर्नाटकाचे अर्थमंत्री, आणि कृष्णधवल चित्रांचे जाणकार. 1983 मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक वन्यजीव छायाचित्रकाराची डायरी आहे, पण नावात वाघ-हत्ती नाहीत. ‘सनलाइट अँड शॅडोज’ आहे. प्राणी त्यांच्यासाठी उजेडात उभा असतो, जंगलाचा भाग म्हणून. याच घराण्याच्या मँगनीज आणि लोखंडाच्या खाणी संडूरच्या डोंगरांत आहेत. त्या डोंगरांकडे पाहणारा माणूस कुठे उभा होता, हे विसरून ही चित्रं वाचू नयेत, आणि तेवढ्यावरून ती बाजूलाही सारू नयेत.

आता नंदी हिल्सवर या. बंगळुरापासून साठेक किलोमीटर, उंची 1478 मीटर. पावसाळा सरताना पहाटे खाली ढगांचा समुद्र भरतो आणि कठड्यापाशी शेकडो मोबाइल एकाच दिशेने वर होतात. फोन एका क्षणात अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतो, ढगांतला तपशील राखतो, सावल्या उजळतो, निळा गडद करतो. ट्राइपने कुंचल्याने आणि ॲडम्सने फिल्टरने घेतलेला निर्णय इथे आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेला असतो. शेकडो जणांना एकच आभाळ मिळतं. ज्याला स्वतःचं हवंय, त्याने फोनमधला रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या चित्राचा, पर्याय निवडावा, किंवा कठड्याकडे पाठ करून ओल्या कातळाकडे वळावं.

शहर सोडायलाही नको. लालबागेतला खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा आहे. त्यावर केंपेगौडाचा बुरूज आहे आणि मागे वाढत चाललेल्या इमारती. त्या चौकटीत ठेवायच्या की वगळायच्या? बेळ्ळंदूर तलावावरचा फेस सकाळच्या तिरप्या उन्हात विलक्षण सुंदर दिसतो, आणि तो सांडपाण्याचा असतो. तो सुंदर दिसू द्यावा का, यावर इथल्या छायाचित्रकारांचं एकमत नाही. माझं मत असं, की दिसू द्यावा, पण काठावरची वस्ती चौकटीत घेऊन. तुम्ही वेगळं ठरवाल, तर कारण लिहून ठेवा आणि प्रिंटच्या मागे चिकटवा. 2023 मध्ये कस्तुरबा रोडवर उघडलेल्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीत जुने प्रिंट पाहायला मिळतात. आपला प्रिंट करण्याआधी ते पाहून यावेत, तेही आभाळापासून सुरुवात करून.