बंदर राजाचे, जकात कोणाची?

बडोदे शहराच्या दक्षिण अंगास प्रतापनगर नावाचे जे रेल्वेस्थानक आहे, त्याला पूर्वी गोयागेट म्हणत. गायकवाड सरकारच्या अरुंद मार्गाच्या आगगाड्यांचे हे माहेरघर. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत डभोई व मियागाम यांच्या दरम्यान अडीच फूट रुंदीचे रूळ पडले आणि त्यांवरून प्रथम बैलांनी डबे ओढले. वाफेचे इंजिन मागाहून आले. पुढे हे जाळे पसरत गेले आणि मार्च १९१९ मध्ये प्रतापनगरच्या कारखान्याची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या हस्ते बसविण्यात आली. खेड्यापाड्यांतला कापूस बाहेर न्यावा आणि बाहेरचे रॉकेल, साखर, कापड, लोखंडी सामान आत आणावे, हे ह्या चिमुकल्या गाड्यांचे नित्याचे काम.

ह्या गाड्यांतून येणाऱ्या विलायती मालाच्या प्रत्येक पेटीवर एक अदृश्य ओझे असे. ती पेटी मुंबईच्या गोदीत उतरे, तेथे तिची जकात भरली जाई, आणि ती रक्कम हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत जमा होई. आयात करणारा व्यापारी ती आपल्या किमतीत मिळवी. मुंबईचा अडत्या ती बडोद्याच्या दुकानदाराकडून वसूल करी. आणि शेवटी डभोईचा शेतकरी कंदिलात तेल घालताना ती पूर्णपणे चुकती करी. कर भरला बडोद्याच्या प्रजेने, घेतला ब्रिटिश सरकारने. त्यातला एक पैसाही बडोद्याच्या शाळांना किंवा दवाखान्यांना मिळत नसे. दर शेकडा पाच होता, तोवर हे दुखणे सोसण्यासारखे होते. पण पहिल्या महायुद्धाने सरकारची गरज वाढविली. सर्वसाधारण आयात जकात १९१६ मध्ये शेकडा साडेसात, १९२१ मध्ये अकरा आणि १९२२ मध्ये पंधरा झाली. सहा वर्षांत कर तिप्पट झाला, आणि कोणाची जकात कोणी घ्यावी हा प्रश्न दरबारी टिपणांतून निघून राजकारणाच्या अग्रभागी आला.

बडोदे संस्थान एकसंध नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे मोठे प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते, आणि काठियावाडच्या पश्चिम टोकाला ओखामंडळ हा एक तुकडा अगदीच एकटा पडलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो गायकवाडांकडे आला. वाघेर लोकांच्या बंडाळीमुळे त्याचा उपद्रव फार, उत्पन्न थोडे. द्वारकेच्या यात्रेकरूंखेरीज तिकडे फिरकण्याचे कारण कोणाला नसे. पण ह्या रुक्ष भूमीपाशी एक धन होते. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी, बेटाच्या आडोशाला, मोठी गलबते सुरक्षितपणे नांगरता येतील असे खोल पाणी तेथे होते. सयाजीराव महाराजांच्या दृष्टीने हे पाणी ओखामंडळाच्या सगळ्या जमिनीहून मोलाचे ठरले. मनुभाई मेहता हे दिवाण असताना तेथे लोहमार्ग नेण्यात आला, धक्के बांधले गेले आणि १९२६ साली ओखा बंदर व्यापारास खुले झाले.

बंदर म्हणजे नुसता धक्का नव्हे. जहाज लागले की कप्तानाने मालाची यादी जकात कचेरीत द्यावयाची. व्यापाऱ्याच्या दलालाने बीजक व जहाज कंपनीची पावती घेऊन आयातीचे विवरणपत्र भरावयाचे. पारख करणाऱ्या अधिकाऱ्याने मालाचा वर्ग व किंमत ठरवून त्यावर कर आकारावयाचा. आणि कर भरला की माल सुटावयाचा. उशीर झाला तर गोदीचे भाडे चढते, व्याज वाढते आणि हंगाम निघून जातो. म्हणून व्यापारी बंदर निवडताना केवळ अंतर पाहत नाही. कचेरीतले कागद किती तत्परतेने हलतात आणि धक्क्यावरचा खर्च किती, हेही तो पाहतो. मुंबईच्या गर्दीने कावलेल्या व्यापाऱ्याला काठियावाडच्या नव्या बंदरांत हीच सोय दिसू लागली. नवानगरच्या रणजितसिंहजींनी बेडी बंदर वाढविले होते. भावनगर व पोरबंदर जुनी जाणती होती. त्यांत आता ओख्याची भर पडली.

परंतु ओख्याला उतरलेली पेटी बडोद्याला पोहोचावयाची, तर तिचा प्रवास सुमारे सहाशे किलोमीटरांचा. ओख्यापासून मीटर मार्गाने नवानगर, राजकोट, वांकानेर, वढवाण अशा संस्थानांतून विरमगामपर्यंत. तेथे डबा बदलून रुंद मार्गाने अहमदाबादवरून बडोद्यापर्यंत. आणि तेथून डभोईकडे जावयाचे असेल तर पुन्हा डबा बदलून प्रतापनगरच्या अरुंद गाडीत. एका पेटीला तीन रुंदींचे मार्ग आणि प्रत्येक ठिकाणी हमालांची उचलठेव. ह्याहून मोठी अडचण रुळांची नव्हती, सीमेची होती. विरमगाम हे ब्रिटिश मुलुखातले गाव. काठियावाडातून येणाऱ्या मालाला ब्रिटिश हद्दीत शिरावयाचे ते येथूनच. गायकवाडांच्या एका प्रांतातून गायकवाडांच्याच दुसऱ्या प्रांतात जाणारा मालही ह्या उंबरठ्यावर परका ठरे.

विरमगामची जकातरेषा विसाव्या शतकाच्या आरंभी घालण्यात आली होती. संस्थानी बंदरांत एकदा कर भरलेल्या मालाने ब्रिटिश मुलुखात येताना पुन्हा कर भरावा, असा तिचा अर्थ. व्यापाऱ्याला तिचा त्रास होताच, पण उतारूंनाही होता; त्यांच्या गाठोड्यांची उलथापालथ होई, खोळंबा होई आणि अपमानही होई. १९१५ साली नुकतेच दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी काठियावाडात जात असता वढवाण स्थानकावर मोतीलाल नावाच्या एका शिंप्याने त्यांना गाठले आणि हे गाऱ्हाणे सांगितले. गांधीजींनी माहिती गोळा केली, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्याकडे गोष्ट नेली. ती दिल्लीच्या हातची आहे असे उत्तर मिळाले. पुढे त्यांनी ती चेम्सफर्डसाहेबांपुढे मांडली, आणि १९१७ साली ही रेषा उठली. काठियावाडच्या संस्थानांनी आपल्या बंदरांत ब्रिटिश दरानेच जकात घ्यावी, ही त्यामागची अट होती. दोनच वर्षांनी प्रतापनगरला कोनशिला बसविणारे व्हाइसरॉय तेच, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. रेषा उठल्यामुळेच काठियावाडच्या बंदरांना देशाची बाजारपेठ मोकळी झाली, आणि ओख्यावर पैसा ओतण्याच्या बेतास खरा आधार लाभला.

हा आधार अल्पायुषी ठरला. दर समान असले तरी वसूल होणारा पैसा संस्थानांच्या तिजोरीत राही, आणि माल मात्र अहमदाबाद, दिल्लीपर्यंत जाई. म्हणजे जी तक्रार बडोदे मुंबईविषयी करीत होते, नेमकी तीच आता हिंदुस्थान सरकार काठियावाडविषयी करू लागले. आमच्या प्रजेने वापरलेल्या मालावरचा कर तुम्ही घेता, असे त्याचे म्हणणे. कर शेकडा पंधरा झाल्यावर ही रक्कम डोळ्यांआड करण्याजोगी राहिली नाही. १९२७ च्या उन्हाळ्यात अबूच्या पहाडावर संस्थानिकांची व सरकारी प्रतिनिधींची परिषद भरली. मेळ बसला नाही. आणि त्याच वर्षी विरमगामची रेषा पुन्हा बसविण्यात आली. ओखा बंदर खुले होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. शंभर रुपयांच्या मालावर बंदरात पंधरा आणि रेषेवर पुन्हा पंधरा द्यावे लागणार असतील, तर कोणता व्यापारी ती वाट धरील? दरवाजा बांधून पुरा झाला आणि लगेच त्याच्यासमोर भिंत उभी राहिली.

येथून पुढे हा वाद धक्क्यांवरून समित्यांच्या मेजावर गेला. बडोद्याचा युक्तिवाद असा की, तहनाम्यांनी संस्थानाचे स्वामित्व मान्य केले आहे, आणि आपल्या बंदरात जकात घेणे हा स्वामित्वाचा गाभा आहे. तहात मित्र म्हणावयाचे आणि नाक्यावर परका मानावयाचे, ह्याला न्याय म्हणता येत नाही. सरकारचा युक्तिवाद असा की, एका देशाच्या किनाऱ्यावर करवसुलीचे अनेक धनी असू शकत नाहीत. नाहीतर प्रत्येक बंदर दुसऱ्याचा व्यापार ओढण्यासाठी सवलतींची लिलावबाजी करील. दोन्ही बाजूंत तथ्य होते, आणि म्हणूनच हा तंटा लांबला. १९२९ साली बटलर समितीने आपल्या अहवालात संस्थानांच्या जकातीविषयीच्या गाऱ्हाण्याचे वजन मान्य केले. १९३२ मध्ये डेव्हिडसन समितीने संघराज्याच्या आर्थिक बाजूची तपासणी करताना सागरी संस्थानांच्या हक्कांचा हिशेब मांडला. १९३५ च्या कायद्याने योजिलेल्या संघराज्यात जकात हा मध्यवर्ती विषय व्हावयाचा होता. सागरी संस्थाने त्यात शिरण्यास कचरली, त्यामागे हे एक मोठे कारण होते. ते संघराज्य कागदावरच राहिले.

ह्या सगळ्या वाटाघाटींत बडोद्याची बाजू मांडणारे गृहस्थ म्हणजे दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी. १९२७ पासून १९४४ पर्यंत ते बडोद्याचे दिवाण होते. म्हणजे विरमगामची रेषा परत आली त्याच वर्षी त्यांनी सूत्रे हाती घेतली. बंदर मोकळे होत नसेल तर बंदराच्या पाठीशी उद्योग उभा करावा, हे धोरण त्यांच्या काळात फळाला आले. ओखामंडळाचे खारे पाणी व चुनखडी यांच्या बळावर १९३९ साली मिठापूरला टाटा केमिकल्स कंपनीची स्थापना झाली. ज्या भूमीला कोणी हिंग लावून विचारीत नव्हते, तिने देशाला सोडा पुरविण्याचे काम पत्करले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत सयाजीराव महाराजांचे निधन झाले.

इतिहासाचा विलक्षण भाग ह्यापुढे आहे. देश स्वतंत्र झाला, संस्थाने सामील होऊ लागली, आणि त्यांच्या तिजोऱ्यांचा व मध्यवर्ती तिजोरीचा सांधा कसा जुळवावा हे ठरविण्यासाठी १९४८ साली एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्षपद कृष्णम्माचारी यांच्याकडे आले. ज्यांनी सतरा वर्षे संस्थानाच्या हक्कांची वकिली केली, त्यांनीच आता जकात, रेल्वे यांसारखी साधने मध्यवर्ती सरकारकडे जावीत आणि ज्या प्रदेशांचे उत्पन्न त्यामुळे तुटेल त्यांना ठराविक काळ भरपाई मिळावी, अशी शिफारस केली. ह्यात विसंगती पाहणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही. परक्या सरकारपुढे हक्क राखणे हे एक कर्तव्य; देश आपला झाल्यावर तो हक्क समाईक तिजोरीत टाकणे हे दुसरे. जकात घेणारा बदलला होता, म्हणून उत्तरही बदलले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. १ एप्रिल १९५० पासून संस्थानांचे आर्थिक एकीकरण अमलात आले. विरमगामच्या रेषेला अर्थ उरला नाही. गायकवाडांची रेल्वे १९४९ मध्ये बी. बी. सी. आय. कडे आणि १९५१ च्या नोव्हेंबरात पश्चिम रेल्वेत गेली. १८७८ च्या सागरी जकात कायद्याची जागा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने घेतली.

तरीही डभोईच्या शेतकऱ्याचा मूळ प्रश्न सुटला होता काय? पुरता नाही. राज्यघटनेने जकात केंद्राकडे सोपविली, आणि दीर्घ काळ केवळ प्राप्तिकर व अबकारी कर यांतच राज्यांचा वाटा असे; बंदरावरचा कर केंद्राकडेच राही. २००० सालच्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या इतर करांप्रमाणे सीमाशुल्काचेही उत्पन्न राज्यांशी वाटून घेण्याजोगे केले. २०१७ च्या जुलैपासून आयात मालावर सीमाशुल्काबरोबर जो एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो, त्यातील राज्याचा भाग माल ज्या राज्यात खपतो तिकडे जातो. कर भरणाऱ्या प्रजेच्या प्रांताला करातला हिस्सा मिळावा, हे बडोद्याचे म्हणणे असे लोकशाहीच्या वाटेने, राजाच्या पश्चात पुष्कळ वर्षांनी, मान्य झाले.

आज ओखा बंदर गुजरात मेरीटाइम बोर्डाच्या व्यवस्थेत आहे; कराची गेल्यावर उभारलेल्या कांडल्याने आणि पुढच्या मोठ्या बंदरांनी त्याला मागे टाकले. २०२४ च्या फेब्रुवारीत ओखा व बेट द्वारका यांना जोडणारा सुदर्शन सेतू खुला झाला. बडोद्याच्या आयातदाराला आता माल सोडविण्यासाठी बंदर गाठावेच लागते असे नाही. शहरालगत दशरथ येथील कंटेनर आगारात सीमाशुल्काची तपासणी होते, आणि विवरणपत्र संगणकावरून भरता येते. प्रतापनगर हे पश्चिम रेल्वेच्या वडोदरा विभागाचे मुख्यालय आहे. डभोईकडच्या अरुंद रुळांची जागा रुंद मार्गाने घेतली असून २०२१ च्या जानेवारीपासून प्रतापनगरहून केवडियापर्यंत गाड्या सुरू झाल्या.

विरमगामवरून जाणाऱ्या आगगाडीतील उतारूला आता तेथे कोणी गाठोडे सोडावयास सांगत नाही. ती रेषा कोठे होती, हे दाखविणारे काही रुळांवर दिसत नाही. पण एका देशात दोन ठिकाणी कर भरावा लागणे म्हणजे काय, हे ज्या पिढीने सोसले, तिच्या अनुभवातूनच एक बाजारपेठ, एक जकात आणि सर्वांचा वाटा ही व्यवस्था घडत गेली. बंदर राजाचे की सरकारचे, हा वाद त्या काळी मोठा वाटला. पण जकात ज्याच्या खिशातून जाते त्या माणसाची, हे त्याचे उत्तर तेव्हाही तेच होते.