दरनोंदींवरून एकूण बदलाच्या सीमा

एखाद्या राशीच्या बदलाचा दर ठरावीक वेळांनाच मोजलेला असताना, त्या काळातील एकूण बदल कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असू शकतो हे ठरवण्याची कलनशास्त्रातील रीत. दराचे सूत्र हाती असेल तर निश्चित समाकल काढून नेमके उत्तर मिळते. व्यवहारात बहुधा सूत्र नसते, तक्ता असतो. दोन नोंदींच्या मध्ये काय घडले ते कोणी पाहिलेले नसते.

समजा, पावसाळ्यात एका धरणातून विसर्ग वाढवत नेला आणि दर दोन तासांच्या नोंदी 10,000, 16,000, 22,000 व 25,000 क्यूसेक अशा आहेत. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. म्हणून दोन तासांऐवजी 7,200 सेकंद घ्यावे लागतात (इथे चूक होणे सोपे असते). विसर्ग सतत वाढता असल्याने प्रत्येक कालखंडात सुरुवातीचा आकडा सर्वांत लहान आणि शेवटचा सर्वांत मोठा. सुरुवातीच्या आकड्यांची बेरीज 48,000. तिला 7,200 ने गुणले की खालची सीमा 34.56 कोटी घनफूट येते. शेवटच्या आकड्यांची बेरीज 63,000. वरची सीमा 45.36 कोटी. सहा तासांत सुटलेले पाणी या दोहोंच्या दरम्यान, म्हणजे 0.35 ते 0.45 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास असले पाहिजे. दर घटत असता तर दोन्ही बेरजांच्या भूमिका उलटल्या असत्या.

दोन सीमांतील अंतर 10.8 कोटी घनफूट आहे. ते काढायला या दोन बेरजांची गरजही नव्हती. मधले आकडे दोन्ही बेरजांत येत असल्याने वजाबाकीत उडून जातात आणि उरतो तो पहिल्या व शेवटच्या दरातील फरक गुणिले एक कालखंड : 15,000 गुणिले 7,200. त्यामुळे किती दाट नोंदी लागतील हे आधीच सांगता येते. अंतर 1 कोटी घनफुटांच्या आत हवे असेल तर दर 10 मिनिटांनी नोंद घ्यावी. मग ते 90 लाखांवर येते. दोन बेरजांतील अंतराची हीच गोष्ट न्यूटनने 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त, पहिल्या खंडाच्या आरंभीच्या साहाय्यक प्रमेयांत, वक्राच्या आतले आणि बाहेरचे आयत काढून दाखवली आहे. कालखंड असमान असले तर त्यांतला सर्वांत मोठा घ्यावा, हेही तिथेच आहे.

या सीमा नुसत्या आकड्यांतून निघत नाहीत, दर एकाच दिशेने बदलतो या गृहीतातून निघतात. तिसऱ्या आणि चौथ्या नोंदीच्या मध्ये विसर्ग 40,000 वर जाऊन परत उतरला असेल, तर तक्त्यात त्याची खूणही राहणार नाही आणि 45.36 कोटी ही वरची सीमा कोसळू शकते. दर आधी वाढून मग घटत असेल तर शिखरापाशी काळाचे दोन भाग करतात. पण ज्या कालखंडात शिखर दडले आहे, त्यात वरची सीमा मिळायला शिखराच्या उंचीची वेगळी माहिती लागते. दिशा ठाऊक नसली तरी दर किती वेगाने बदलू शकतो याची मर्यादा माहीत असली की भागते : सुरुवातीच्या आकड्यांनी केलेल्या बेरजेतील चूक ती मर्यादा, कालखंड आणि एकूण काळ यांच्या गुणाकाराच्या निम्म्याहून जास्त नसते.

दोन्ही सीमांची सरासरी काढली की समलंब चौकोनांच्या नियमाचे उत्तर मिळते, इथे 39.96 कोटी. ते सोयीचे असले तरी तो अंदाज आहे, हमी नव्हे. हमी एवढीच की चूक 5.4 कोटींहून जास्त नाही. धरणाचे दरवाजे टप्प्याटप्प्याने उचलले जातात, त्यामुळे दोन नोंदींना सरळ रेषेने जोडणे वास्तवाला धरून असतेच असे नाही. सीमांना मात्र या टप्प्यांची बाधा नाही, कारण आलेख अखंड असण्याची अटच त्यांना नाही.

आतून आणि बाहेरून कोंडीत पकडण्याची ही कल्पना जुनी आहे. आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत व बाहेर 96 बाजूंचे बहुभुज काढून पाय ही संख्या 3 पूर्णांक 10/71 आणि 3 पूर्णांक 1/7 यांच्या दरम्यान असल्याचे सिद्ध केले. रीमानने 1854 मध्ये समाकलाची व्यापक व्याख्या केली. पुढे 1875 मध्ये दार्बू या फ्रेंच गणितज्ञाने वरच्या व खालच्या बेरजांवरच ती उभी केली. मर्यादित फलनाच्या या दोन बेरजा हव्या तितक्या जवळ आणता आल्या तरच त्याचा समाकल अस्तित्वात असतो.