मॅक्लेलन हवाई तळ : देखभाल, प्रदूषण आणि शुद्धीकरण

औद्योगिक इतिहासलेखनात उत्पादनाला जे स्थान मिळते, ते देखभालीला क्वचितच मिळते. या दृष्टीने कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटोजवळचा मॅक्लेलन हवाई तळ अभ्यसनीय ठरतो. १९३० च्या दशकात स्थापन झालेल्या या तळावर लष्करी विमानांची दुरुस्ती होत असे. सुट्या भागांवरील तेलवंगण काढण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावके वापरली जात. टाकाऊ द्रावके व इंधन खड्ड्यांतून आणि गळत्या वाहिन्यांतून जमिनीत मुरत राहिले. १९७९ मध्ये भूजल दूषित झाल्याचे उघडकीस आले. पुढे परिसरातील सुमारे ५०० घरांना खासगी विहिरींऐवजी सार्वजनिक नळयोजनेचे पाणी देण्यात आले. १९८७ मध्ये तळाचा समावेश 'सुपरफंड' कायद्याखालील राष्ट्रीय प्राधान्य यादीत झाला. दूषित भूजल उपसून शुद्ध करणे आणि मातीतील विषारी बाष्प शोषून घेणे हे प्रमुख उपाय योजण्यात आले. ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याहून जड असल्याने ते भूस्तरांत खोलवर उतरते व तेथून सावकाश पाझरत राहते. म्हणूनच हे कार्य दशकानुदशके चालते. २००१ मध्ये तळ बंद झाला, तरी शुद्धीकरणाची जबाबदारी संपली नाही. सारांश, एखाद्या कार्यशाळेचा इतिहास ती बंद झाल्याच्या तारखेशी थांबविणे म्हणजे तिची खरी किंमत हिशेबातून वगळणे होय. ती किंमत विहिरीचे पाणी गमावलेल्या शेजाऱ्यांनी आधीच मोजलेली असते.