रायफलीची पेटी: प्लॅस्टिक की अ‍ॅल्युमिनियम?

वर्धा जिल्ह्यात पुलगावी सैन्याचे प्रचंड दारूगोळा-कोठार आहे. तेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सैनिकाची रायफल मात्र अशा उन्हातही चालावी आणि हिमालयाच्या बर्फातही. हलकेपणाच्या मोहाने प्लॅस्टिक पत्करणाऱ्यांना ही दुहेरी कसोटी जड गेली. पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेने रचलेल्या ‘इन्सास’ रायफलीची पेटी, म्हणजे बोल्ट सामावणारा सांगाडा, पोलादी पत्र्याची. काडतुसांची मॅगझिने तेवढी प्लॅस्टिकची. १९९९ साली कारगिलच्या गारठ्यात नेमकी तीच तडकली! जर्मनांच्या ‘जी-३६’ची तर पेटीच प्लॅस्टिकची. तापल्यावर तिचा नेम ढळतो, असे २०१५ साली तेथील सरकारने जाहीर केले. कारखानदारांनी ते अमान्य केले. अमेरिकन ‘एम-१६’ची पेटी अ‍ॅल्युमिनियमची. हा धातू थंडीत ठिसूळ होत नाही. तथापि तो पोलादाहून मऊ, म्हणून स्फोटाचा धक्का त्याच्यावर न टाकता बोल्ट नळीला जोडलेल्या पोलादी कड्यात अडकविलेला असतो.